शिबिर संपल्यावर कुठं जायचं?

मागच्या महिन्यात आमच्या कंपनीनं पंधरा-वीस टीम लीड मंडळींना लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर नेलं. उद्देश काय, तर नेतृत्वगुणांचा विकास. दोन दिवस आम्ही कच्च्या स्पॅगेटीचे मनोरे रचले, एकमेकांना रंगीत चिठ्ठ्या लिहिल्या आणि डोळे मिटून मागच्या मागे पडून सहकारी झेलतात का ते पाहिलं. (झेललं. पण तिघं लागले.) रविवारी संध्याकाळी परतताना बस एक्स्प्रेसवेवर अडकली, तेव्हा शेजारचा म्हणाला, "आता सोमवारी कोण कोणाला झेलतंय ते बघू."

त्या अडकलेल्या बसमध्ये मोबाईलवर काहीबाही वाचताना एक गोष्ट सापडली आणि गेले तीन वीकेंड ती डोक्यातून जात नाहीये. हंगेरीत, बुडापेस्टच्या आग्नेयेला, कोरोश नदीच्या काठी सरवाश नावाचं गाव आहे. तिथे दर उन्हाळ्यात जगभरातल्या ज्यू मुलामुलींचं मोठं शिबिर भरतं. वीस-पंचवीस देशांतून मुलं येतात. आणि त्यात भारतातून, म्हणजे मुख्यतः मुंबई-ठाण्यातून, काही मुलं जातात. आडनावं पेणकर, दिवेकर, नवगावकर वळणाची, घरी आजी मराठी बोलणारी. बेने इस्रायल. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे, ती आपलीच माणसं.

सरवाशचं शिबिर १९९० मध्ये सुरू झालं. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी नुकत्याच कोसळल्या होत्या. युद्धातून वाचलेल्या पुष्कळ कुटुंबांनी आपण ज्यू आहोत हे मुलांना सांगितलंच नव्हतं. कुणाला ते बाराव्या वर्षी कळलं, कुणाला सतराव्या. आई-बाबांना प्रार्थना येत नाहीत, आजोबांना बोलायचं नाही. मग या मुलांना शिकवणार कोण? तर शिबिरात त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असलेली मुलं. हिब्रूत अशा शिबिरातल्या ताईदादाला 'मद्रिख' म्हणतात. हा शब्द 'देरेख' म्हणजे वाट या शब्दाच्या कुळातला आहे. मराठीत सरळ 'वाटाड्या' म्हणता येईल. बारा दिवसांनी मुलं घरी जातात आणि शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या कशा लावायच्या ते आईला दाखवतात. घराण्यातलं ज्ञान उलट्या दिशेनं वाहतं.

हे वाचताना मला सारखी आठवत होती ती अमरावती.

माझं लहानपण अमरावतीचं, आजोळ अकोल्याचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याला जायचं म्हणजे पारा पंचेचाळीसवरून सेहेचाळीसवर न्यायचा, एवढाच फरक. म्हणून बाबांनी दोन उन्हाळे मला अमरावतीतच ठेवलं आणि श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांबाला घातलं. पहाटे साडेपाचला मैदानावर. खांबाला एरंडेल चोळलेलं, हाताला तोच वास दिवसभर. मोठे गुरुजी लांब खुर्चीवर. आम्हाला प्रत्यक्षात शिकवायचा तो जेमतेम अकरावीतला एक मुलगा. "पकड घट्ट धर ना बे! काहून, जेवला नाही काय?" ही त्याची शिकवण्याची पद्धत. पण मी खांबावरून घसरलो की खाली हात त्याचेच असायचे. लोणावळ्याला झेलणाऱ्या तिघांपेक्षा त्याच्यावर माझा जास्त विश्वास होता हे कबूल करतो.

हे मंडळ १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी सुरू केलं. राजगुरूंच्या चरित्रात अमरावतीच्या या आखाड्याचा उल्लेख येतो, त्यावरून इथे नुसत्या दंडबैठका चालत नव्हत्या हे लक्षात यावं. १९२४ च्या सुमारास मंडळानं शारीरिक शिक्षणाचे उन्हाळी वर्ग सुरू केले. वेगवेगळ्या प्रांतांतून तरुण अमरावतीला यायचे, ऐन उन्हाळ्यात लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, कबड्डी शिकायचे आणि आपापल्या गावी जाऊन तेच इतरांना शिकवायचे. आजच्या भाषेत 'ट्रेन द ट्रेनर'. आमच्या एचआरला वाटतं हे त्यांनीच शोधून काढलंय.

आता यात एक गंमत आहे, किंवा गंमत नाही, ते तुम्ही ठरवा. मुलांचं उन्हाळी शिबिर म्हटलं की पहिलं नाव येतं बेडन-पॉवेलचं. ऑगस्ट १९०७ मध्ये त्यानं वीसेक मुलांना घेऊन इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर तंबू ठोकले आणि स्काउट चळवळ जन्मली. दोनच वर्षांत ती हिंदुस्थानात आली, पण फक्त गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांच्या हाती असलं प्रशिक्षण देणं सरकारला धोक्याचं वाटत होतं. मग १९१७ मध्ये अ‍ॅनी बेझंटबाईंनी हिंदी मुलांची वेगळी स्काउट संघटना काढली. १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची काढली. आत घेत नाहीत ना, मग आमचं आम्ही बघतो.

आणि नेमकं हेच त्याच वर्षांत जर्मनीत घडत होतं. तिथे १९०१ पासून 'वांडरफोगल' नावाची चळवळ होती. 'भटके पक्षी' असा अर्थ. शाळकरी मुलं पाठीला पिशव्या लावून डोंगर-जंगलात जायची, गिटारवर गाणी म्हणायची, मोठ्या माणसांना सोबत घ्यायची नाहीत. ज्यू मुलांनाही यात जायचं होतं, पण हळूहळू त्यांना दारं बंद होत गेली. १९१३ मध्ये एका ज्यू मुलीला प्रवेश नाकारला गेला आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. त्याच्या आदल्या वर्षीच ज्यू मुलांनी स्वतःची 'ब्लाऊ-वाइस' म्हणजे 'निळा-पांढरा' ही संघटना काढलेली होती. १९१३ मध्येच गॅलिशियात 'हशोमेर हत्झाइर' सुरू झाली, 'तरुण पहारेकरी'. म्हणजे अमरावतीत वैद्य बंधू मैदान शोधत होते तेव्हा तिकडे ही पोरं तंबू शिवत होती.

साम्य इथेच संपत नाही. हिंदी माणूस, विशेषतः शिकलेला, मुळातच दुबळा, असं साहेब म्हणायचा आणि आपल्यातले पुष्कळ लोक ते मनोमन खरं मानायचे. आखाड्यांच्या चळवळीमागे ती बोच होती. ज्यूंबद्दल युरोपात शब्दशः हेच म्हटलं जायचं: पुस्तकात डोकं घालून पाठीला पोक आलेला माणूस. १८९८ मध्ये बाझेलच्या दुसऱ्या झायोनिस्ट काँग्रेसमध्ये माक्स नोर्डाऊनं 'स्नायूंच्या ज्यूधर्मा'ची हाक दिली, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये बार कोखबा नावाचा ज्यू व्यायामसंघ निघाला. त्यांना हनुमान माहीत नव्हता, त्यांनी रोमनांशी लढलेला आपला जुना सेनापती घेतला.

या ज्यू शिबिरांची रचना मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. आठ-दहा मुलांचा एक गट. त्याचा मद्रिख सोळा-सतरा वर्षांचा. अशा मद्रिखांच्या गटाचा मद्रिख एकोणीस-वीसचा. त्याच्यावर जेमतेम पंचविशीतले लोक. मोठी माणसं जवळपास नाहीतच. स्वयंपाक, रात्रीचा पहारा, आजारी पडलेल्याला डॉक्टरकडे नेणं, भांडणं सोडवणं, सगळं त्या पोरांनीच करायचं. रात्री शेकोटीभोवती गाणी आणि मग वाद: देव आहे का, मार्क्स बरोबर का, पॅलेस्टाईनला जायचं की इथेच लढायचं. 'नेतृत्वगुण' असा शब्द न वापरता नेतृत्व शिकवायची ही पद्धत. त्यात कोणी स्पॅगेटीचा मनोरा रचत नाही. समोर बारा वर्षांचं पोर रडत असतं आणि ते तुमच्याच जबाबदारीचं असतं.

अमरावतीतली आणि बर्लिनमधली ही दोन वेगवेगळी पोरं एका उन्हाळ्यात एकमेकांच्या खूप जवळ आली. भेटली मात्र नाहीत.

१९३६ चं बर्लिन ऑलिंपिक आपल्याला ध्यानचंदमुळे माहीत. १५ ऑगस्टची हॉकी फायनल, जर्मनीविरुद्ध ८-१. पण अमरावतीत त्या ऑलिंपिकची आणखी एक गोष्ट सांगतात. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तेव्हा बर्लिनला गेलं होतं आणि त्यांनी तिथे कबड्डी, मल्लखांब आणि आपल्या व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली होती. ऑलिंपिकच्या निमित्तानं जगभरातल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचं आंतरराष्ट्रीय शिबिरही तिथे भरलं होतं. वऱ्हाडातून बर्लिन म्हणजे तेव्हा बडनेऱ्याला मेल पकडायची, मुंबई गाठायची आणि पुढे बोट. देश पारतंत्र्यात, आणि या लोकांनी तिथे मल्लखांब करून दाखवला. मला आजही ऐकताना छाती भरून येते.

आमच्या लहानपणी या गोष्टीचा शेवट ठरलेला असायचा: "आणि मंग हिटलरनं सोता कौतुक केलं!" सांगणारा ते सांगून आमच्याकडे बघायचा आणि आम्ही पोट्टे डोळे मोठे करायचो. शाळेत हिटलर पुढे आठवी-नववीत भेटला, पण मैदानावरचा हिटलर आणि पुस्तकातला हिटलर माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं दोन वेगळी माणसं होती. दोन फोल्डरमध्ये ठेवलेल्या फाईली. त्या कधी मर्ज केल्याच नाहीत. अमरावतीहून गेलेल्या तरुणांना तरी काय दिसणार होतं? ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या सरकारनं पाहुण्यांसाठी काढून ठेवल्या होत्या. शहर धुऊनपुसून उभं होतं.

मर्ज करायचंच तर असं दिसतं. ग्रेटेल बर्गमान नावाची बावीस वर्षांची ज्यू मुलगी उंच उडी मारायची. त्या जूनमध्ये तिनं १.६० मीटर उडी मारून जर्मन विक्रमाची बरोबरी केली. अमेरिकेनं बहिष्कार घालू नये म्हणून तोवर तिला संघात असल्यासारखं दाखवत ठेवलं होतं. अमेरिकन खेळाडूंची बोट निघाली आणि तिला पत्र आलं की तुमची कामगिरी पुरेशी नाही. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक गेलं १.६० लाच, आणि ते जिंकलं हंगेरीच्या इबोया चाक या मुलीनं. ती ज्यू होती. (बर्गमान पुढे अमेरिकेत गेली आणि २०१७ मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी वारली. तिनं हिटलरला पाऊणशे वर्षांच्या लीडनं हरवलं असं मी धरतो.) आणि त्याच जुलै महिन्यात बर्लिनच्या उत्तरेला, ओरानिएनबुर्गजवळ, कैद्यांकडून झाडं तोडून घेऊन जाक्सनहाउझेनची छळछावणी बांधणं चालू होतं.

मराठीत आपण एकाला शिबिर म्हणतो आणि दुसऱ्याला छळछावणी. जर्मनमध्ये दोन्हींना 'लागर' म्हणतात.

तिसरंही एक लागर त्या उन्हाळ्यात चालू झालं होतं, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीनं तेच महत्त्वाचं. ब्रेस्लाऊ शहराजवळ ग्रोस-ब्रेझेन नावाच्या जुन्या जमीनदारी शेतावर १९३६ मध्ये ज्यू मुलामुलींचं प्रशिक्षण केंद्र उघडलं. वय पंधरा ते सतराच्या आसपास. शहरातली, वकील-डॉक्टरांची मुलं. त्यांना गाई दोहायला, नांगर धरायला, सुतारकाम करायला शिकवायचं, म्हणजे कुठल्यातरी देशाचा व्हिसा शेतकरी म्हणून मिळेल. प्रमुख होते कुर्ट बोंडी, पोरांना समजून घेणारे मानसशास्त्रज्ञ. विद्यापीठातून त्यांना ज्यू म्हणून काढलेलं. पहाटे उठवायचे, कामात चूक झाली तर बोलायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांना बसवून विचारायचे: आज तू जे केलंस ते का केलंस, तुला माहीत होतं का?

याच्या आधीची गोष्ट रेखा फ्रायर या बर्लिनच्या बाईंची. ('रेखा' वाचून मीही दचकलो. हिब्रू नाव आहे ते, आपल्या रेखाशी संबंध नाही.) १९३२ मध्ये पाच ज्यू पोरं त्यांच्याकडे आली. ज्यू म्हणून कामावरून काढलं होतं, आता काय करू? बाईंनी ठरवलं की या वयाच्या मुलांना आई-बापांशिवाय, गटागटानं पॅलेस्टाईनला पाठवायचं. त्यांची संस्था नोंदली गेली ती तारीख ३० जानेवारी १९३३. त्याच दिवशी हिटलर चान्सलर झाला. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत पाचेक हजार मुलं या योजनेतून बाहेर पडली. स्टेशनवर पंधरा वर्षांच्या मुलाला सोडायला आलेल्या आईची कल्पना करा. तिला व्हिसा नाही. त्यातल्या बहुतेकांची ती शेवटची भेट.

शिबिर म्हटलं की आपल्याला वाटतं, चार दिवस मजा करून पोरगं घरी परत येईल. या मुलांचं शिबिर परत न येण्याची तयारी होतं. हिब्रूत तिला 'हखशारा', म्हणजे पूर्वतयारी, हाच शब्द होता.

९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली. ग्रोस-ब्रेझेनमधल्या अठरा वर्षांवरच्या मुलांना आणि बोंडींसह शिक्षकांना बुखेनवाल्डच्या छावणीत नेलं. आणि ते तिथे असताना, २० नोव्हेंबरला, आमच्या बडनेऱ्यावरून जाणाऱ्या रेल्वेलाईनवर दोनेक तासांवर असलेल्या वर्ध्याजवळ, शेगाव नावाच्या खेड्यात (पुढे त्याचं सेवाग्राम झालं) गांधीजी एक लेख लिहीत होते. तो 'हरिजन'मध्ये २६ तारखेला छापून आला. ज्यूंबद्दल पूर्ण सहानुभूती, पण पॅलेस्टाईन अरबांचं आहे, आणि जर्मनीतल्या ज्यूंनी तिथेच राहून सत्याग्रह करावा, असा त्याचा आशय. गांधीजींचा आफ्रिकेपासूनचा जिवलग ज्यू मित्र हर्मान कालेनबाख १९३७ मध्ये त्यांना दुसरी बाजू समजावून गेला होता. उपयोग झाला नाही. जेरुसलेमहून मार्टिन बूबरनं १९३९ मध्ये लांबलचक, दुखावलेलं उत्तर लिहिलं. मी गांधीजींना मानणारा माणूस आहे, तरी हा लेख वाचताना मला त्या शेतावरची सतरा वर्षांची पोरं दिसत राहतात. "तिथेच राहा" हा सल्ला त्यांना कसा वाटला असता?

पण "निघून जा" हे तरी पुरेसं उत्तर होतं का? ब्रेझेनची काही मुलं अमेरिकेत व्हर्जिनियात, काही ऑस्ट्रेलियात, केनियात, अर्जेंटिनात पोचली. सगळी नाही. आणि पोलंडमधली शिबिरांवर वाढलेली हजारो पोरं तर अडकलीच. १९ एप्रिल १९४३ ला वॉर्सा गेटोत उठाव झाला, त्याचा सेनापती मोर्देखाय आनीलेविच जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा होता. तो हशोमेर हत्झाइरचा मद्रिख. त्याच्यासोबत लढणाऱ्यांत मोठा भरणा अशा युवक संघटनांतून आलेल्यांचाच होता. ज्यांना बारा वर्षांच्या मुलांना जंगलात रात्री सांभाळायची सवय होती, तेच गेटोतही चोरून शाळा आणि वर्तमानपत्रं चालवत होते, निरोप पोचवत होते. मोठी माणसं खचली तेव्हा ही रचना उभी राहिली, कारण ती मोठ्या माणसांवर कधी अवलंबूनच नव्हती.

आता आपल्या मराठी ज्यूंकडे येऊ. त्यांची कथा याच्याशी जुळते, पण फार वेगळ्या सुरात.

बेने इस्रायलांच्या परंपरेत पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. पुढे कित्येक शतकं कोकणात. छळ असा झालाच नाही. गावावरून आडनावं घेतली, मराठीत कीर्तनं रचली, १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकरांनी मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाची झाली. तिथे १९२२ पासून १९५० पर्यंत मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन, १९०५ साली मुंबई इलाख्यात मॅट्रिकला पहिली आलेली मुलगी. एका बाईनं २८ वर्षं शाळा चालवली की त्या समाजाच्या दोन पिढ्या तिच्या हाताखालून जातात. नेतृत्वशिबिराची गरज तेव्हा शाळाच भागवत असणार.

मग मुंबईत हबोनिम, बने अकिवा अशा जागतिक ज्यू युवक संघटनांच्या शाखा आल्या. तीच गाणी, तेच मद्रिख. आणि अर्थातच तेच उद्दिष्ट: तयारी करा आणि इस्रायलला चला. ही रचना बर्लिन-वॉर्सातल्या परिस्थितीसाठी घडली होती. तिथे जाणं म्हणजे जगणं होतं. मुंबईत, ठाण्यात, पेणला कोण कुणाला मारायला उठलं होतं? पण शिबिराचा अभ्यासक्रम एकच. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको, दुसऱ्याच्या परिस्थितीसाठी लिहिलेलं उपाययोजनेचं पॅकेज आपल्याकडे जसंच्या तसं बसवलं की काय होतं.

लोक गेले ते केवळ शिबिरांमुळे गेले असं मी म्हणत नाही. श्रद्धा होती, फाळणीनंतरची अनिश्चितता होती, रेल्वे-पोस्टातल्या नोकऱ्यांचं इंग्रज गेल्यावर काय होईल ही धास्ती होती. १९४९ पासून ओघ सुरू झाला. तिकडे गेल्यावर सगळं गोड नव्हतं. कातडीच्या रंगावरून वागणूक बदलते असं सांगत काहींनी धरणं धरलं आणि १९५२ मध्ये शंभरावर माणसं भारतात परतही आली. (त्यातले बरेच पुन्हा इस्रायलला गेले, हाही भाग आहेच.) १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्रायल व्यक्तीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिचे पूर्वज तपासावेत. म्हणजे कोकणात शेकडो वर्षं शनिवार पाळलेल्यांना तिथे विचारलं, तुम्ही खरंच ज्यू का? १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि १७ ऑगस्टला इस्रायली संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचा ठराव केला. कुणी सांगावं, धरणं आणि ठिय्या हे शिबिरातलं शिक्षण होतं की भारतातलं. मला वाटतं दुसरं.

स्वातंत्र्याच्या वेळी वीस हजारांच्या पुढे असलेला हा समाज पुढच्या तीसेक वर्षांत ओसरला. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात मिळून ज्यू ४,६५०. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा राज्यात जेमतेम अडीच हजार होते. कोकणातल्या कितीतरी सिनेगॉगांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमत नाहीत.

इथे मला अमरावतीचा वर्ग पुन्हा आठवतो. त्या उन्हाळी वर्गाला आलेला तरुण मे संपला की आपल्या गावी परत जायचा, तिथे चार पोरं जमवून आखाडा काढायचा. शिकलेला माणूस परत जाणं हाच त्या वर्गाचा हेतू होता. १९४९ मध्ये मंडळाचं पथक स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवात गेलं आणि तेही परतच आलं. मुंबईतल्या हबोनिमचा उत्तम मद्रिख मात्र उत्तम म्हणूनच आधी निघून जाणार. चांगलं शिबिर म्हणजे रिकामी गल्ली. मी स्वतः अमरावती सोडून पुण्यात आहे आणि माझा अकरावीतला तो मल्लखांबवाला गुरू अजून तिथेच पोरांना शिकवतो, तेव्हा हे मी कोणत्या तोंडानं लिहितोय हे विचारू नका. आमच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचीही हखशाराच होती म्हणा ना. वर्गातले एकूण एक पहिल्या दहातले आज पुणे, बंगलोर नाहीतर न्यू जर्सी.

म्हणून सरवाशचं शिबिर मला वेगळं वाटतं. तिथे पोलंड, हंगेरी, रुमानियाची मुलं येतात ती आपल्या उरलेल्या थोडक्या समाजात परत जाण्यासाठी. "चला" पेक्षा "घरी जाऊन हे चालू ठेवा" हा तिथला सूर. आणि ठाण्याच्या मुलाची अडचण पोलंडच्या मुलासारखी नाहीच. त्याच्या घरी कुणी काही लपवलेलं नाही, आजीला सगळं येतं. त्याला कमी आहेत त्या वयाच्या सोबती. सबंध शहरात त्याच्या इयत्तेत त्याच्यासारखी मुलं किती असतील? बारा दिवस तो शेकडो जणांत असतो. मग परत येतो, आणि सतराव्या वर्षी धाकट्यांना शिकवायला तोच उरतो, कारण दुसरं कोण आहे.

गेलेल्यांनी मराठी सोडली नाही हेही सांगायला हवं. इस्रायलमध्ये भारतीय मुळाचे ज्यू आज ऐंशी हजारांच्या आसपास आहेत. तिथे १९८० च्या दशकात 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. आपली नेटवरची मायबोली आली १९९६ मध्ये, म्हणजे ते आपल्याला सीनियर. दिमोना, अश्दोद, बीरशेबा अशा गावांत आजही पोहे भिजतात ते मलिद्यासाठी.

मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वर फळं, आणि एलियाहू हन्नवी या प्रेषिताच्या नावानं प्रार्थना. लग्न, बारसं, नवस फेडणं, नवं घर, सगळ्याला मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत असं मानतात, तिथेही नवस फेडायला लोक येतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंना हे असं माहीत नाही. साठ वर्षांपूर्वी यांचंच ज्यूपण तपासायला निघाले होते.

ठाण्यात टेंभी नाक्याला १८७९ सालचं सिनेगॉग आहे, शार हाशामाईम. स्वर्गाचं द्वार. पुढच्या खेपेला ठाण्याला काम निघालं तर सरवाशला जाऊन आलेल्या तिथल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला गाठायचा विचार आहे. नेतृत्वाबद्दल काही विचारणार नाही. एवढंच विचारायचंय, की तिकडे पंचवीस देशांच्या पोरांपुढे 'आमच्याकडे हे करतात' म्हणून मलिदा करायची वेळ आली, तर हंगेरीत पोहे कुठून आणलेत? की इथूनच, बॅगेतून?